पोट उघडण्याआधी एवढं सांगा : सर्जन आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना खुले पत्र

राज्यातल्या सर्व सर्जन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी ओटी सिस्टर, ऑपरेशन थिएटरमधली नर्स. म्हणजे होते, सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. ३१ वर्षं मी तुमच्या उजव्या हाताला उभी होते. तुम्ही हात पुढे केलात की त्यात काय पडायला हवं ते मला तुमच्या खांद्याच्या हालचालीवरून कळायचं. पोट बंद करायच्या आधी मॉप, म्हणजे रक्त टिपायच्या कापडी घड्या, मोजताना एक कमी भरला, तर ‘सर, थांबा’ म्हणायची हिंमत माझ्यात होती, आणि तुमच्यातल्या बहुतेकांत थांबायचा मोठेपणा होता. त्याच हक्काने आज परत एकदा ‘सर, थांबा’ म्हणते आहे. पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी आतून चिकटतात, हे पेशंटला सांगत जा, एवढंच मागणं आहे.

दोन वर्षांपूर्वी मी टेबलाशेजारून टेबलावर गेले.

भाऊबीजेच्या रात्री पोटात कळ आली. आली, गेली, परत आली, बाळंतपणातल्या कळांसारखी ठरावीक अंतराने. फराळ बाधला म्हणून ओवा चावून खाल्ला. पहाटे उलटी झाली ती हिरवी. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, आणि गॅस सरायचं नाव नाही. एखाद्या पेशंटने हे सांगितलं असतं तर मी दुसऱ्या वाक्यालाच ‘ऑब्स्ट्रक्शन’, आतड्याचा अडथळा, म्हणाले असते. स्वतःच्या बाबतीत मात्र दुपारपर्यंत ॲसिडिटीच म्हणत बसले. गावातल्या डॉक्टरांनी गॅसचं इंजेक्शन दिलं. त्यांचाही दोष नाही, मी त्यांना सांगितलंच तसं. संध्याकाळी उभ्याने एक्स-रे काढला तेव्हा त्यात जिन्याच्या पायऱ्यांसारख्या पाण्याच्या रेघा दिसल्या आणि माझ्या मुलीच्या आधी मलाच कळलं.

नाकातून पोटात जाणाऱ्या नळ्या, रायल्स ट्यूब, मी आयुष्यात शेकड्यांनी घातल्या. ‘घोट घ्या मावशी, पाण्याचा घोट घ्या, झालंच आता’ हे वाक्य माझ्या तोंडात बसलेलं होतं. ते ऐकणाऱ्याला काय वाटतं हे त्या रात्री कळलं. तीन दिवस ‘सलाईन चालू, तोंडाने काही नाही’ अशी वाट पाहिली, आडवं पडून भिंतीवरचं घड्याळ मोजलं. सुटलं नाही. तिसऱ्या रात्री पोट उघडलं.

आत सुतळीएवढा एक पट्टा होता. एक टोक १४ वर्षांपूर्वी गर्भपिशवी काढली तिथल्या टाक्यांपाशी, दुसरं लहान आतड्यावर, आणि त्याच्याखाली सरकलेला आतड्याचा वेढा अडकून काळपट पडलेला. तो पट्टा कापायला अर्धं मिनिट लागलं असेल. त्याच्यापर्यंत पोचायला पावणेदोन तास लागले, कारण बाकीची आतडीही एकमेकांना आणि पोटाच्या भिंतीला जागोजाग चिकटलेली. कोमट मॉपमध्ये गुंडाळून ठेवल्यावर वेढा गुलाबी झाला, कापावा लागला नाही. हे मला सर्जननी राउंडला येऊन, पलंगाच्या कडेवर बसून, बोटांनी दाखवून सांगितलं. मी त्यांची आयुष्यभराची ऋणी आहे.

आणि पिशवी काढणाऱ्या मॅडमबद्दलही माझी तक्रार नाही. ऑपरेशन गरजेचं होतं, सुबक झालं होतं, टाका सुकल्यावर तिसऱ्या महिन्यात मी ड्युटीवर होते. माझी तक्रार वेगळी आहे. त्या १४ वर्षांत एकदाही, एकाही माणसाने मला सांगितलं नाही की पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी आतून चिकटतात, आणि कधीतरी, दहा-पंधरा वर्षांनीसुद्धा, त्यातला एखादा पट्टा गळफासासारखा बसू शकतो. मी ओटी सिस्टर असूनही नाही. चिकटलेली आतडी मी डोळ्यांनी शेकडो वेळा पाहिली होती, ‘इथे फार ॲडहेजन्स आहेत, जपून’ हे तुमच्या तोंडून रोज ऐकत होते. ते माझ्याही पोटात असतील हे मात्र मनात आलं नाही. मग जिने ओटीचं दार फक्त एकदाच, स्ट्रेचरवरून पाहिलं, तिला कुठून कळणार?

खरं सांगायचं तर माझाही हात यात आहे. संमतीपत्रावर सह्या घ्यायचं काम कित्येकदा आमच्याकडेच असायचं. ‘ताई, इथे सही करा, इथे साक्षीदाराची.’ भूल, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, जिवाला धोका, एवढं त्यात छापलेलं असायचं. चिकटण्याबद्दल एक अक्षर नसायचं, आणि मीही कधी तोंडी सांगितलं नाही.

ऑपरेशननंतर सहा आठवडे घरी पडून होते. माझी मुलगी फार्मसी कॉलेजात शिकवते. तिच्यामागे लागून पेपर काढायला लावले आणि दुपारी तिला समोर बसवून एकेक वाक्याचा अर्थ विचारला. तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे. पण हे पत्र तुमच्याबरोबर इतरही वाचतील, म्हणून मला जसं समजलं तसं सांगते.

पोटाच्या पोकळीला आतून एक ओलसर, चकचकीत अस्तर असतं, पेरिटोनियम. पेशींचा जेमतेम एक थर. आतडी दिवसभर एकमेकांवरून सरकतात ती त्या अस्तराच्या जोरावर. हाताळलं, घासलं, चटका दिला, टाका घातला, नुसतं दिव्याखाली वाळलं तरी ते दुखावतं. दुखावलं की तिथे फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा, चिकट थर येतो. शरीराकडे तो विरघळवण्याची सोय असते, पण ऑपरेशन झालेल्या भागात ती मंदावते. तीनेक दिवसांत तो विरघळला तर प्रश्न मिटला. नाही विरघळला, तर त्यात तंतू तयार करणाऱ्या पेशी शिरतात, कोलेजन येतं, रक्तवाहिन्या येतात, अगदी नसाही येतात, आणि कायमचा पट्टा तयार होतो. अस्तर नव्याने भरून यायला पाच ते सात दिवस लागतात. गंमत म्हणजे जखम लहान असो की मोठी, साधारण तेवढेच, कारण ते कातडीसारखं कडेकडेने भरत नाही, सगळीकडून एकदम भरतं.

उन्हाळ्यात गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घातल्या आणि ओल्या असतानाच दोन एकमेकींवर सरकल्या की काय होतं ते प्रत्येक बाईला माहीत आहे. वाळल्यावर सोडवायला जावं तर एकीचं पापुद्रं दुसरीला लागून येतं. ओल्या असतानाच मध्ये प्लास्टिकचा कागद सारला तर दोन्ही सुट्या राहतात. पोटातला प्रश्न तोच, फक्त तिथे सारलेला कागद आठवड्याने आपोआप नाहीसा व्हायला हवा.

किती जणांना होतं हे? ब्रिटिश सर्जन हॅरॉल्ड एलिस यांनी यावर आयुष्य घालवलं. पूर्वी पोटाचं ऑपरेशन झालेल्या २१० जणांचं पोट पुन्हा उघडावं लागलं तेव्हा ९३ टक्क्यांमध्ये आत चिकटलेलं आढळलं, असं त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९० साली लिहिलं. ज्यांचं पोट पहिल्यांदाच उघडलं जात होतं, त्यांच्यात हेच प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. पुढे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्कॉटलंडचा मोठा अभ्यास आला. १९८६ साली पोटाचं किंवा ओटीपोटाचं मोठं छेद घेऊन ऑपरेशन झालेल्या सुमारे ३० हजार लोकांचा १० वर्षं माग काढला. दर तिघांतला एक जण चिकटण्याशी संबंधित किंवा संबंध असू शकेल अशा कारणाने, किंवा चिकटण्यामुळे अवघड होऊ शकेल अशा ऑपरेशनसाठी, पुन्हा दाखल झाला होता, आणि तेही सरासरी दोनदा.

चिकटतं जवळपास सगळ्यांचं, त्रास होतो त्यातल्या काहींनाच. पण लहान आतड्याच्या अडथळ्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. मूल न राहण्याच्या कारणांत हे आहे, जुनाट ओटीपोटदुखीत आहे. शिवाय जे पोट पुन्हा उघडतं तिथे तुमचीच कसोटी लागते. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात पुन्हा पोट उघडलेल्या २७० ऑपरेशनांपैकी ५२ मध्ये, म्हणजे १९ टक्क्यांत, सोडवता सोडवता आतड्याला नकळत भोक पडलं होतं. तेव्हा सर्जनच्या कपाळावरचा घाम मी टिपलेला आहे.

आता हातमोज्यांची गोष्ट, कारण ती माझी आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा हातमोजे एकदा वापरून फेकायची पद्धत आमच्याकडे नव्हती. केसेस संपल्या की आम्ही बादलीत मोजे धुवायचो, दोरीवर वाळत घालायचो, मग एकेकात फुंकर मारून, गालाशी धरून भोक आहे का पाहायचो. भोक नसलेल्यांत दोन्ही बाजूंनी पावडर घोळवायची, साडेसहा, सात, साडेसात अशा जोड्या लावायच्या, गॉजच्या घडीत आणखी एक पावडरची पुरचुंडी ठेवायची आणि ड्रममध्ये भरून ऑटोक्लेव्हला, वाफेने निर्जंतुक करायला. रात्रपाळीत गप्पा मारत दोनशे-अडीचशे मोजे व्हायचे. नाक, पापण्या, साडीचा काठ सगळं पांढरं. एक म्हातारे सर्जन मोजे घातल्यावर सलाईनच्या वाडग्यात हात खळखळून धुवायचे आणि बाकीचे त्यांना ‘सोवळे’ म्हणून हसायचे. आम्हीही हसायचो. ती मक्याच्या स्टार्चची पावडर पोटात पडली की अस्तराला सूज आणते आणि चिकटण्याला हातभार लावते, हे त्यांना माहीत होतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पावडरवाल्या शस्त्रक्रियेच्या मोज्यांवर बंदी घातली ती २०१७ च्या जानेवारीत अमलात आली. त्या वाडग्याची आठवण आली की मला अजून ओशाळल्यासारखं होतं.

आता सेल्युलोजकडे येते, कारण पोटात मध्ये सारायचा तो ‘कागद’ बऱ्याचदा त्याचाच असतो.

माझ्या उशाशी डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली असते. डोळे कोरडे पडतात म्हणून दिलेली. त्यावर बारीक अक्षरात लिहिलंय, कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज, ०.५ टक्के. मुलगी म्हणाली, ‘आई, हाच पदार्थ पोटात वापरतात.’ मला आधी थट्टा वाटली. लाकडाच्या किंवा कापसाच्या लगद्यातलं सेल्युलोज घेऊन त्यावर प्रक्रिया केली की पाण्यात विरघळणारा, बुळबुळीत, दाट पदार्थ तयार होतो. आइस्क्रीममध्ये असतो, टूथपेस्टमध्ये असतो, आणि पापणी डोळ्यावरून न खरडता सरकावी म्हणून थेंबांत असतो. पोटातही काम तेच, दोन दुखावलेले पृष्ठभाग एकमेकांना न लागता सरकू देणं, आणि अस्तर भरून येईपर्यंत मध्ये टिकणं.

नुसतं पाणी टिकत नाही. पोट बंद करताना लिटरभर कोमट सलाईन आत सोडायची पद्धत मी पाहिली आहे. ते दिवस-दोन दिवसांत शोषलं जातं, आणि आपल्याला हवे असतात पाच-सात दिवस. म्हणून दाट द्रावणं आली. १९८० च्या दशकात उंदरांच्या पोटात कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोजचं द्रावण सोडून पाहिलं, चिकटणं कमी झालं. १९८९ मध्ये अमेरिकेत ऑक्सिडाइज्ड सेल्युलोजच्या विणलेल्या कापडाला, ‘इंटरसीड’ला, मान्यता मिळाली. १९९६ मध्ये ‘सेप्राफिल्म’ आली. हायलुरॉनिक ॲसिड आणि कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज यांचा पारदर्शक पापुद्रा, जखमेवर ठेवला की दिवसा-दोन दिवसांत त्याचं जेल होतं, आठवडाभर टिकतं, मग शरीर ते हळूहळू बाहेर टाकतं. त्यानंतर सेल्युलोजची जेलही आली. रशियात ‘मेझोजेल’ नावाचं निव्वळ कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोजचं जेल वापरतात.

तो पापुद्रा मी एकदाच हाताळला आहे. पाहुणे सर्जन आले होते, सोबत ती पाकिटं आणली होती. कोरडा असताना बटाट्याच्या वेफरसारखा मोडतो आणि ओला झाला की जिथे लागेल तिथे चिकटतो. माझ्या ओल्या मोज्याला पहिला तुकडा चिकटला, दुसरा सरांच्या फोरसेप्सला, तिसरा कसाबसा जागेवर बसला. ओटीत जे काही बोललं गेलं ते इथे लिहिता येणार नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये तर तो छोट्या भोकातून आत नेणं म्हणजे दिव्यच, म्हणून काही सर्जन तो सलाईनमध्ये विरघळवून पातळ लापशी करून आत सोडतात, असं पुढे वाचलं. द्रावण आणि जेल यांचा मोठा फायदा हा आहे की कोपऱ्याकोपऱ्यात पोचतात. तोटा हा की पातळ असेल तर घरंगळून खाली जमतं आणि लवकर शोषलं जातं.

मग हे काम करतं का? इथे मी तुमच्याकडून सरळ बोलणं मागते आहे, कारण मला दोन्ही टोकांची माणसं भेटली. एक म्हणाले, ‘कंपन्यांची थेरं आहेत सिस्टर.’ दुसऱ्या एका दवाखान्यात माझ्या ओळखीच्या बाईच्या नवऱ्याच्या हातात चिठ्ठी दिली, ‘खालून हे इंपोर्टेड जेल आणा, मग आत काही म्हणजे काही चिकटणार नाही.’ त्याने अंगठी गहाण ठेवून आणलं.

दोघांचंही बोलणं पुराव्याला धरून नाही. १९९६ मध्ये आलेल्या एका चाचणीत मोठं आतडं काढलेल्या सुमारे पावणेदोनशे रुग्णांचं पोट दुसऱ्या टप्प्याच्या ऑपरेशनसाठी आठ ते बारा आठवड्यांनी पुन्हा पाहिलं. सेप्राफिल्म लावलेल्यांपैकी ५१ टक्क्यांत अजिबात चिकटलेलं नव्हतं. न लावलेल्यांत तसे फक्त ६ टक्के. हे थेरं म्हणून उडवून लावण्यासारखं नाही. पण २००६ मध्ये आतड्याचा भाग काढलेल्या १,७०० हून अधिक रुग्णांची चाचणी आली. तिच्यात आतड्याला अडथळा येण्याचं एकूण प्रमाण दोन्ही गटांत सारखंच निघालं. फरक पडला तो चिकटण्यामुळे अडथळा येऊन पुन्हा ऑपरेशन लागण्यात, ३.४ टक्क्यांवरून १.८ टक्क्यांवर. म्हणजे डोळ्यांना दिसणारं चिकटणं जवळपास निम्म्या जणांत टळतं, पण त्यावरून ‘काही म्हणजे काही होणार नाही’ असं वचन देता येत नाही.

आणि धोका शून्य नाही. त्याच फिल्मने आतड्याचा ताजा जोड गुंडाळला तर तो जोड गळण्याचं प्रमाण वाढल्याचं दिसलं, म्हणून तसं गुंडाळू नये अशी सूचना आहे. ऑक्सिडाइज्ड सेल्युलोजचं कापड रक्ताने भिजलं की काळं पडतं आणि उपयोगाऐवजी अपायच होतो. रक्त पूर्ण थांबवून, कोरडं करून मगच ते ठेवायचं. हायलुरॉनिक ॲसिड आणि लोह यांचं ‘इंटरजेल’ नावाचं जेल अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळवून आलं आणि वापरानंतरच्या वेदना आणि इतर तक्रारींमुळे २००३ मध्ये कंपनीनेच मागे घेतलं. ते सेल्युलोजचं नव्हतं, पण ‘जेल म्हणजे जेल’ असं समजून चालणार नाही हे त्यावरून कळतं.

त्यामुळे सरकारी दवाखान्यात सरसकट प्रत्येक पोटात जेल ओता, अशी माझी मागणी नाही. मॉपचं कापड कमी पडायचं त्या दिवसांतली मी आहे. आणि ज्या गोष्टींनी चिकटणं कमी होतं त्यातल्या कितीतरी फुकट आहेत. मॉप कोरडा वापरू नये, कोमट सलाईनमध्ये पिळून द्यावा. बाहेर काढलेली आतडी झाकून, ओली ठेवावीत. चिमट्याने ओढण्यापेक्षा बोटांनी उचलावीत. रक्त थांबवावं, पण कॉटरीने, चटका द्यायच्या यंत्राने, शेत जाळल्यासारखं करू नये. मोजे पावडरविना असावेत, नसतील तर ‘सोवळ्या’ सरांसारखे धुवावेत. दुर्बिणीने होण्यासारखं असेल तर दुर्बिणीने करावं. स्कॉटलंडच्याच ७२ हजार रुग्णांच्या २०२० मधल्या अभ्यासात, चिकटण्यामुळेच थेट पुन्हा दाखल होण्याचं पाच वर्षांतलं प्रमाण पोट उघडलेल्यांत ४.३ टक्के आणि दुर्बिणीवाल्यांत १.७ टक्के निघालं. अर्थात दुर्बिणीसाठी मुळात सोप्या केसेस निवडल्या जातात हेही खरं, तेवढं ओटीत राहून मला कळतं.

मी मागते आहे ते कागदावरचं आणि तोंडचं. ऑपरेशनच्या आधी, भूल आणि रक्तस्राव सांगता त्याच दमात, हेही सांगा की आतून चिकटू शकतं, बहुतेकांना त्याने काही होत नाही, काहींना पुढे होतं. तुम्ही म्हणाल, पेशंट घाबरेल. मी ३१ वर्षं पेशंटला ट्रॉलीवरून आत घेतलं आहे. तिथे ‘डॉक्टर माझ्यापासून काहीतरी लपवतायत’ याच्याएवढी भीती कशाचीच नसते. आणि कायदाही काही वेगळं सांगत नाही. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उपचाराचं स्वरूप, पर्याय आणि महत्त्वाचे धोके पेशंटला पुरेसे सांगितल्याशिवाय घेतलेली संमती खरी नव्हे. दूरचे, पुस्तकी धोके सांगायची सक्ती नाही, असंही त्यात आहे. पण दहातल्या नऊ पोटांत जे घडतं त्याला दूरचं कसं म्हणायचं?

आणि डिस्चार्ज कार्डावर लिहा. तुमच्या लिपीत नको, मराठीत, वाचता येईल असं. ‘पोटाचं अमुक ऑपरेशन झालं आहे. पुढे कधीही पोटात थांबून थांबून कळा, उलट्या, पोट फुगणं आणि गॅस न सरणं असं झालं तर आतड्याचा अडथळा असू शकतो, ताबडतोब दाखवा.’ दोन ओळी. आत फार चिकटलेलं आढळलं असेल तर तेही लिहा, पुढच्या सर्जनला छेद कुठे घ्यावा ते ठरवता येईल. फिल्म किंवा जेल वापरलं असेल तर कोणतं आणि कुठे, आणि का, हे लिहा. वापरलं नसेल आणि पेशंटने विचारलं तर का नाही ते सांगा. ‘तुमच्या आतड्याचा जोड ताजा आहे, तिथे नको’ हे उत्तर अडाण्यालाही समजतं.

हे कार्ड कोणासाठी याचा विचार करताना मला माझ्याहून आधी दुसऱ्या बायका आठवतात. दर दिवाळीनंतर आमच्या सातारा-सांगली पट्ट्यात बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, शासनाने समिती नेमली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. ती ऑपरेशनं गरजेची होती का, हा प्रश्न भयंकर आहे आणि त्यावर बोलणारे बोललेत. मला त्यांचं पुढचं दिसतं. यातल्या एखादीला दहा वर्षांनी, घरापासून तीनशे किलोमीटरवर, पहाटे चार वाजता उसाच्या फडात कळ येईल. ती वाकून मोळी बांधत राहील, कारण खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. तालुक्याच्या दवाखान्यात पोचेल तेव्हा ड्युटीवरचा पोरसवदा डॉक्टर विचारेल, ‘काय ऑपरेशन झालंय?’ ती म्हणेल, ‘पिशवीचं.’ कधी, कुठे, आत काय सापडलं, काहीच नाही. कागद असेल तर तो कोपीच्या तट्ट्यात खोचलेला, पावसाने भिजलेला, आणि इंग्रजीत. त्यावर त्या दोन ओळी मराठीत असत्या तर ती फडातूनच वेळेवर निघाली असती. मी सुशिक्षित असून एक अख्खा दिवस ओव्यावर काढला, तिथे तिचं काय घेऊन बसलात.

आणखी एक. एकदा चिकटलेलं सोडवलं की त्या सोडवण्याच्या जखमेतून परत चिकटतं. माझंही कदाचित चिकटलं असेल. राउंडला मी सर्जनना विचारलं, ‘सर, माझ्या आत काही लावलंत का?’ ते म्हणाले, ‘नाही सिस्टर. मध्यरात्र होती, दवाखान्यात नव्हतं, आणि आतडं वाचेल की कापावं लागेल हेच बराच वेळ कळत नव्हतं.’ मला ते उत्तर पटलं. दोन वाक्यांत त्यांनी मला जे सांगितलं ते मी एका वहीच्या पानावर लिहून, झेरॉक्स काढून, एक प्रत पर्समध्ये आणि एक फ्रिजवर चुंबकाखाली लावली आहे. तारीख, कोणतं ऑपरेशन, पट्टा कुठे होता, बाकी आतडी कुठे चिकटलेली, काही लावलेलं नाही. हस्ताक्षर माझं. ते तुमचं असायला हवं होतं.

पुढच्या महिन्यात माझ्या भाचीचं दुसरं सिझर आहे, तुमच्यापैकीच एका मॅडमकडे. मी सोबत येणार आहे. पहिल्या सिझरचं कार्ड तिने जपून ठेवलंय. त्यात बाळाचं वजन आहे, टाक्यांची तारीख आहे, लोहाच्या गोळ्या आहेत, आत काय दिसलं त्याची जागा कोरी आहे. मॅडमना मी ते दाखवणार, आणि या खेपेला ती जागा भरून मागणार. मी ओटीच्या बाहेर बाकड्यावर बसलेली असेन. मॉप मोजून झाले आणि पोट बंद झालं की दोन मिनिटं बाहेर या.

आपली,
एक निवृत्त ओटी सिस्टर
सातारा जिल्हा